नाक्यावरचा हत्ती

डब्लिनजवळच्या आमच्या ओंगारला ऑक्टोबरचा वारा सुटला की कचऱ्याचे डबे फिरायला निघतात. त्यांना चाकं असतात, त्यामुळे कोणाची वाट पाहावी लागत नाही. माझा हिरवा डबा एकदा असाच निघाला तो थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, गॉलवेच्या समुद्रावर सापडला. तिथे त्याने एका स्थानिक डब्याशी संसार थाटला होता आणि अंगणात चार-पाच बादल्या खेळत होत्या. आता यात मी थोडी भर घातली आहे, पण थोडीच. डबा गेला होता हे शंभर टक्के खरं. तो पलीकडच्या गल्लीत सापडला, एवढाच काय तो फरक.

या वाऱ्याच्या जरा आधी माझा मोसम येऊन जातो. आयर्लंडमध्ये ऋतू चार : पाऊस येतोय, पाऊस पडतोय, पाऊस आत्ताच गेला, आणि चौथा कंपन्यांच्या करविवरणपत्रांचा. डिसेंबरात वर्ष मिटवणाऱ्या कंपन्या सप्टेंबर सरताना विवरणपत्रं भरतात, आणि माझ्यासारखे कर-सल्लागाराच्या कचेरीतले कारकुंडे तेव्हा डोळ्यांत तेल घालून बसतात. त्या तेलात एकेका वर्षी भजी तळता येतील इतकं ते साचतं. मग मोसम संपतो. ऑक्टोबर येतो. शेजारच्या धुराड्यांतून जळत्या पीटचा, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचा, मातकट वास उतरतो, कालव्याकाठच्या झुडपांवर उरलीसुरली ब्लॅकबेरी काळी पडते, पानं ओली होऊन रस्त्याला चिकटतात, आणि गेल्या वर्षी त्या शांततेत मला एक हाक ऐकू आली होती :

“ओ पुणेकर! आहे का जित्ता?”

यंदाही मी कान देऊन उभा राहिलो. वारा होता. डबे होते. हाक नव्हती.

हाक मारणारे काकाजी म्हणजे प्रफुल्लचे वडील. प्रफुल्ल माझा शेजारी, धंदाबंधू आणि मित्र, मूळचा नागपूरचा. आमच्या घरांमध्ये एक भिंत आणि एक कुंपण आहे. भिंतीतून त्याच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात आणि कुंपणावरून वाट्या जातात-येतात. त्याचं काम काय, हे सांगायला मला दरवेळी पाणी प्यावं लागतं. तरी सांगतो.

प्रफुल्ल बसतो. हेच त्याचं काम. एका अवाढव्य परदेशी समूहाची इथे एक छोटी कंपनी होती. तिच्याकडे ना कारखाना, ना गोदाम, ना टेम्पो. होते ते नुसते हक्क : नावाचे, चिन्हांचे, नकाशांचे. जगभरातून त्या हक्कांचं भाडं या कंपनीकडे येई आणि त्यावर इथल्या सरकारचा साडेबारा टक्के कर लागे. साडेबारा! आम्हा मंडळींचं ते कुलदैवतच म्हणा ना. इतर देशांत याहून कितीतरी जास्त कर, म्हणून कंपन्या इथे आल्या. कंपन्या आल्या म्हणून आम्ही आलो. आम्ही आलो म्हणून ओंगारच्या दुकानात कढीपत्ता आला. आमच्या वसाहतीतली पोरं दोनच्या पाढ्याआधी साडेबाराचा पाढा शिकतात असं मी लोकांना सांगतो, आणि लोक विश्वास ठेवतात.

तर कंपनी इथली ठरायची असेल तर तिचे निर्णय इथे बसून व्हायला हवेत. संचालकांची सभा इथे, खुर्ची इथे, खुर्चीतला माणूस इथे. आधी बाकीचे संचालक विमानाने येत, बॉल्सब्रिजच्या कचेरीत सँडविचं खात आणि परत जात. महामारी आली, ते सगळे पडद्यावर गेले, आणि त्या लांबलचक टेबलाशी हाडामांसाचा उरला एकटा प्रफुल्ल. तो आयर्लंडमध्ये बसला आहे म्हणून कंपनी आयर्लंडची.

काकाजी दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत आले, नातीला भेटून तीन महिन्यांत परत जायचं म्हणून. मार्चमध्ये जगाला कुलूप लागलं आणि ते अडकले ते थेट पानगळीपर्यंत. आयुष्यभर नागपूरच्या जकात नाक्यावर नोकरी केलेला माणूस. ट्रक अडवायचा, माल पाहायचा, पावती फाडायची, दांडा वर करायचा. असा माणूस आता दोन खोल्या आणि एक माजघर यांत अडकला. पण माणूस असा की घरालाच नाका केला. कोणी बाहेर निघालं की दारात खुर्ची टाकून बसलेले काकाजी हात आडवा करत.

“कुठं?”

“दूध आणायला, बाबा.”

“माल काय?”

“काही नाही, बाबा. पिशवी.”

मग ते जाणाऱ्याचा तळहात ओढून घेत, त्यावर आपला जाड अंगठा दाबत, आणि म्हणत, “जा, सुटला.” हा त्यांचा ठप्पा. ठप्प्याशिवाय घरातून कोणी हलायचं नाही. सून, नात, पोस्टमन, सगळ्यांना ठप्पा. मला कुंपणावरून हात लांबवावा लागे. पहिल्यांदा मी सॅनिटायझर पुढे केला तर म्हणाले, “पुणेकर, ठप्पा पुसला का दंड लागते.”

मी थापाड्या आहे हे गावाला माहीत आहे, पण काकाजी माझे गुरू निघाले. मी डबा गॉलवेला पोचवला तर त्यांनी नागपूरच्या उन्हाची गोष्ट काढली. मे महिन्यात नाक्यावर कोंबड्यांचा ट्रक थांबला तेव्हा म्हणे अंड्यांतून थेट ऑम्लेट बाहेर आलं. मी म्हटलं, आमच्याकडे धुक्यात मी एकदा माझ्याच घराची बेल वाजवून माझीच चौकशी केली. ते म्हणाले, “आन् तू घरी होता का नव्हता?” मी हरलो. नात सई, जिला मराठी सगळं कळतं पण जी उत्तर डब्लिनच्या इंग्रजीतच देते, ती पोट धरून ओरडायची, “आजोबा, यू आर गॅस!” गॅस म्हणजे इकडे भन्नाट. काकाजींना वाटे ती पोटाची तक्रार सांगते आहे, पण ती हसते आहे हे त्यांना पुरे होतं.

त्या सप्टेंबरात, मोसम ऐन भरात असताना, एका दुपारी प्रफुल्लची सभा होती. काकाजींना शहर दाखवावं म्हणून आम्ही तिघे गाडीने बॉल्सब्रिजला गेलो. प्रफुल्ल आत गेला. मी आणि काकाजी रस्त्यापलीकडच्या बाकावर बसलो. मागे डॉडर नदी दगडांवरून खळखळत होती, समोर कचेरीची तळमजल्यावरची मोठी काच. काचेपलीकडे कोट-टाय घातलेला प्रफुल्ल एवढ्या मोठ्या टेबलाच्या टोकाला एकटाच बसून हातवारे करत होता.

“हा कोनाशी बोलून राह्यला बे?”

“पडद्यावर माणसं आहेत, काकाजी.”

“मंग घरून काहून नाई बोलत?”

मी त्यांना सगळं समजावलं. पाणी न पिता. त्यांनी काचेकडे बोट केलं.

“म्हंजे हा इथं बसला म्हून कंपनी इथली.”

“हो.”

“आन् हा उठला तं?”

“तर कंपनी उठली. असं वकील म्हणतात.”

काकाजींनी पाठ सरळ केली. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी फुगवून सांगणार नाही, कारण फुगवायला जागाच नव्हती. “माह्या नाक्याले तं दांडा होता, छप्पर होतं, पुढं चहाची टपरी होती,” ते म्हणाले. “यायनं निस्त्या बुडावर नाका उभा केला. बापापेक्षा मोठा झाला लेक.” मग हळूच म्हणाले, “पन उठू नको म्हना त्याले. एक दिस मी नाका सोडला नाई. याचा जन्म झाला तवा बी मी नाक्यावरच होतो.”

ही मात्र थाप नव्हती. प्रफुल्लने मला नंतर सांगितलं.

ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा टाळेबंदी आली, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही अशी वेस आखली गेली. त्या आधीच्या आठवड्यात आम्ही कालव्याकाठी ब्लॅकबेरी तोडली. बोटं जांभळी झाली, काट्यांनी हात ओरबाडले. कुत्रं फिरवायला आलेली एक आजीबाई म्हणाली की हॅलोवीन उलटला की ही फळं खायची नाहीत, पूका नावाचं भूत त्यांच्यावर थुंकून जातं. मी भाषांतर केलं. काकाजींनी मान डोलावली. “आमच्याइकडं बी भूत हाय, पन ते शिस्तीचं. पानाच्या ठेल्यापाशीच थुकते.” त्या जांभळ्या अंगठ्याने त्यांनी त्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांच्या हातावर ठप्पे मारले. पहिल्यांदाच ठप्पा दिसला. माझा दोन दिवस टिकला. मी तो वर्षभर टिकला असं सांगतो.

नोव्हेंबरात लंडनमार्गे विमान मिळालं. विमानतळावर सोडायला मीच गाडी चालवली. ब्लँचर्ड्सटाउनच्या पुढे पोलिसांची तपासणी लागली. पावसात उभा असलेला एक तरणा गार्ड, म्हणजे इथला पोलीस, खिडकीशी वाकला.

“व्हेअर आर वी ऑफ टू, लॅड्स?”

“एअरपोर्ट, गार्ड,” प्रफुल्ल म्हणाला. “माय डॅड इज गोइंग होम.”

मागच्या सीटवरून काकाजी व्यावसायिक नजरेनं सगळं पाहत होते. “दांडा नाई, छप्पर नाई, चहावाला नाई. पोट्टं भिजून राह्यलं. याले नाका म्हंतेत?” आणि त्यांनी खिडकीतून आपला तळहात गार्डापुढे केला. ठप्पा मागितला. गार्ड क्षणभर गोंधळला, मग हातमोज्यातला अंगठा वर करून दाखवत म्हणाला, “यू आर ग्रँड, सर. सेफ होम.” म्हणजे, सगळं ठीक, सुखरूप जा.

“चालते,” काकाजी म्हणाले. “सुटलो.”

आणि तिथून विमानतळापर्यंत त्यांनी हत्तीची गोष्ट सांगितली. ती मी जशीच्या तशी देतो.

एकदा भंडारा रोडने सर्कशीचा हत्ती नाक्यावर आला. माहूत म्हणाला, सोडा. काकाजी म्हणाले, जकात. पण हत्तीचा दर दरपत्रकात नाही. जनावर म्हणून बैलाचा लावावा तर हत्तीचा अपमान. वाहन म्हणावं तर चाकं नाहीत. माल म्हणावा तर आपल्या पायांनी चालत आलेला. माहूत कायद्यातला निघाला. तो म्हणाला, जकात लागते शहरात विकायच्या, वापरायच्या नाहीतर खायच्या मालावर. मी हत्ती विकणार नाही, आणि हत्ती खातं कोण? काकाजी म्हणाले, स्टुलावर बसवशील ना? मंग वापर झाला. तो म्हणाला, स्टूल वापरलं, हत्ती नाही. झालं. साहेबाला विचारायला माणूस गेला. मागे ट्रकांची रांग लागली ती पार भंडाऱ्यापर्यंत. रांगेतल्या संत्र्यांच्या बियांना कोंब फुटले, कोंबांची झाडं झाली, ड्रायव्हर सावलीत बसले. आणि हत्ती दांड्याला सोंड टेकवून उभा. पावती मिळेपर्यंत हलायचं नाही, हे त्या मुक्या जनावराला कळलेलं.

“मग?” मी विचारलं. विमानतळ आला होता.

“मंग पुढच्या खेपेला.”

“अहो काकाजी, असं अर्ध्यावर?”

“गोठ अर्धी ठेवली का मानूस परत येते, पुणेकर. पुरी केली का गेला.”

दारापर्यंतच जायची परवानगी होती. प्रफुल्लने सवयीने आपला तळहात पुढे केला. काकाजी हसले, मास्कमागे, डोळ्यांनी. “जानाऱ्याच्या हातावर असते ठप्पा, येड्या. राहनाऱ्याच्या नाई. आज तू मार.” त्यांनी हात उघडला. प्रफुल्लने त्या रुंद, खरबरीत तळव्यावर अंगठा दाबला. बराच वेळ उचललाच नाही.

“म्हन ना.”

“जा बाबा. सुटला.”

मला वाऱ्याच्या गोष्टी सांगायला आवडतात, पण त्या दिवशी विमानतळावर वाराही नव्हता.

पुढचं मला सांगावं लागतंय म्हणून सांगतो. एप्रिल आला. आमच्याकडे कालव्याकाठी त्याच झुडपांना कोवळी पानं फुटली होती आणि नागपुरात दुसऱ्या लाटेत माणसं इस्पितळांत खाटा शोधत होती. काकाजींनाही लागण झाली. त्यांना खाट मिळाली. समूहातली वरची बाई प्रफुल्लला म्हणाली, गो होम, सभेचं आम्ही बघू. मी म्हणालो, निघ. वहिनींनी बॅग भरली. आणि प्रफुल्ल नियम घेऊन बसला.

करखात्याने तेव्हा सवलत दिली होती : महामारीमुळे कोणी संचालक देशाबाहेर अडकला असेल तर त्याची गैरहजेरी मोजणार नाही. मी ती त्याच्यापुढे नाचवली. तो म्हणाला, “नीट वाच. अडकलेल्याला माफी आहे. गेलेल्याला नाही.”

“अरे, कोण विचारणार आहे?”

“विचारलं तर?”

ही चूक फक्त आमच्या धंद्यातला माणूस करू शकतो. दुसरा कोणी बापाकडे धावला असता आणि नियम नंतर वाचला असता. आम्ही आधी तळटीप वाचतो.

कालव्याकाठी चालताना त्याने काकाजींना फोन लावला, स्पीकरवर. आवाज बारीक झाला होता, पण हाक तीच. “आहे का पुणेकर? जित्ता?” मी म्हटलं, जित्ता. मग मुलाला म्हणाले, “सभा कवा हाय?”

“परवा, बाबा. पण मी येतो. सभा गेली उडत.”

“मंग बस तिथं. नाका सोडाचा नसते.” मधे श्वास घेतला. “मी हाओ ना इथं.”

प्रफुल्लने हो म्हटलं. बापाने सांगितलं म्हणून राहिला, की बापाने सांगावं म्हणूनच त्याने फोन लावला, हे मला आजही कळलेलं नाही. त्यालाही नसेल.

सभेच्या दिवशी तो बॉल्सब्रिजच्या खोलीत कोट-टाय घालून बसला. विषय एकच होता : मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर करणे. खिशात फोन थरथरत राहिला. खुर्चीतला माणूस सभा चालू असताना उठत नाही. इतिवृत्त मंजूर झालं. बाहेर येऊन त्याने फोन पाहिला तेव्हा काकाजी गेलेले होते.

त्या दिवशी मी त्याच्या कुंपणाशी उभा राहिलो आणि मला एकही थाप सुचली नाही.

उन्हाळा तसाच गेला. मग यंदाचा मोसम आला, विवरणपत्रं आली, डोळ्यांत तेल आलं. आणि ऑक्टोबर लागता लागता रेडिओवर बातमी आली. बड्या कंपन्यांचे साडेबारा टक्के जाणार. जगातल्या देशांनी मिळून ठरवलेल्या पंधराला आयर्लंडनेही होकार दिला. लहान कंपन्यांचं होतं तेच राहणार, बड्यांचं टप्प्याटप्प्याने जाईल, उद्याच काही होणार नाही, असं मंत्री समजावत होते. आमच्या कचेरीत तर कुलदैवतावरचा शेंदूर खरवडून काढल्यासारखी अवकळा पसरली. माणसं अर्थशास्त्र बोलत होती. मला नाका दिसत होता. काकाजींनीच एकदा सांगितलं होतं : नागपूरची जकात उठली तेव्हा लोकांनी फटाके वाजवले, आणि हे दुसऱ्या दिवशी सवयीने नाक्यावर गेले. दांडा वर बांधून ठेवलेला. ट्रक न थांबता जात होते. चहावाला म्हणाला, साहेब, कोणीच थांबत नाही हो. महिन्याभराने तोही गेला. “कर कोनाले आवडते, पुणेकर?” ते म्हणाले होते. “पन त्याच्यापाशी मानसं थांबत होती.”

प्रफुल्लच्या समूहाने वाट पाहिली नाही. एका पडद्यावर ती वरची बाई आली आणि म्हणाली, सगळं सोपं करतोय, इथली कंपनी दुसरीत विलीन करतोय. नोकरीची काळजी नको. उलट आता तू कुठूनही काम कर. हवं तर भारतातूनसुद्धा.

सभा कुठे झाल्या होत्या, खुर्चीत कोण होतं, एप्रिलमध्ये तो कुठे बसला होता, हे कोणी विचारलं नाही. करखात्याने नाही, वकिलांनी नाही, समूहाने तर नाहीच. प्रफुल्ल मात्र विचारतील म्हणून अजून तयार आहे.

परवा दुपारी वहिनींनी कुंपणावरून सांगितलं की हा पुन्हा बॉल्सब्रिजला गेलाय. कचेरी रिकामी झाल्याला दिवस लोटले. मी गाडी काढली. तो त्याच बाकावर होता, मागे डॉडर, समोर काच. काचेपलीकडे ते लांबलचक टेबलही नव्हतं. गालिच्यावर त्याचे चार पाय जिथे होते तिथे चार खळगे तेवढे उरले होते.

मी शेजारी बसलो. म्हटलं, “हत्तीचं पुढे काय झालं ते मी जुळवलंय. साहेबाने निकाल दिला की हत्ती हे चार खांबांचं घर आहे, त्याला घरपट्टी लावा.”

तो हसला नाही.

“बरं, दुसरं. हत्तीने सोंडेनं दांडाच उचलला आणि तो नाक्यावर नोकरीला लागला.”

“नको रे,” तो म्हणाला. “अर्धीच राहू दे.”

नदी खळखळत होती. पानं पाण्यावरून आमच्या दिशेनं येत होती आणि न थांबता जात होती.

“पण प्रफुल्ल,” मी म्हटलं, “जकात उठली. नाका पाडला. दांडाही कोणीतरी भंगारात विकला असेल. मग हत्ती अजून का उभा आहे?”

त्याने काचेवरून नजर हलवली नाही. “त्याला सोडलं कुठे कोणी?” तो म्हणाला. “सोडणारा माणूस मीच सोडून दिला. माझ्या अंगठ्याने.”

आणि त्याचा उजवा हात मांडीवर उताणा पडलेला होता. मुद्दाम नाही, थकलेला हात पडतो तसा.

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या. धुक्यापासून डब्यांपर्यंत. एक उरली होती. मी त्याचा तळवा ओढून घेतला, माझा अंगठा त्यावर दाबला आणि काकाजींच्या जाड आवाजात, जमेल तितकं, म्हटलं, “जा, सुटला.”

प्रफुल्लने खाली पाहिलं. मग माझ्याकडे. त्याचे डोळे वाहत होते आणि तोंडाच्या एका कोपऱ्यात त्याच्या बापाचं काहीतरी हललं.

“पुणेकरांचा ठप्पा आमच्या नाक्यावर चालत नाही,” तो म्हणाला.

पण हात त्याने मागे घेतला नाही.